आधी गोळी, मग शिवी

जीव तोडून वाजवा, बोटांना फोड येऊ द्या, कंबरेचा काटा ढिला होऊ द्या, आमच्या ढोल-ताशा पथकाच्या दादांकडून मिळणारी सर्वांत मोठी दाद एकच, "चालेल." तीही वर्षातून एखाद्याच्याच नशिबी. त्यामुळे पाठीमागे आम्ही त्यांना चालेलदादाच म्हणायचो. राहायला शनिवार पेठेत. दिवसभर विम्याच्या कचेरीत मान खाली घालून काम करायचे आणि संध्याकाळी नदीकाठच्या सरावाला येऊन आमचा उद्धार करायचे. "अहो इंजिनियर, ढोल आहे तो, दार नाही. आत कोणी राहत नाही, ठोठावू नका."

मी पथकात गेले तेव्हा कॉलेजात होते. मधुमेह मात्र शाळेपासूनचा, रोज इन्सुलिन घ्यावं लागणारा. सुईची मला सवय झाली होती. लोकांच्या "अरेरे"ची कधीच झाली नाही. सहलीत मला बाईंच्या शेजारी बसवायचे. लग्नात कुणीतरी काकू माझ्या ताटात डोकावून कारल्याच्या रसाचा सल्ला द्यायच्या. इथेही कळलं तर ढोल काढून घेतील आणि चपला सांभाळायला बसवतील, याची मला खात्री होती. आणि मला तर विसर्जनाच्या मिरवणुकीत वाजवायचं होतं, इतरांसारखं, रांगेत उभं राहून. म्हणून मी तोंड उघडलं नाही.

सरावानंतर पेढ्यांचा बॉक्स समोर आला, की मी म्हणायचे, "माझा उपवास आहे." पुण्यात याहून बिनधोक सबब नाही, असा माझा समज. पण पथक मायाळू निघालं. माझ्या शेजारी वाजवणाऱ्या लोणी काळभोरच्या बापूने घरून डबाभर साबुदाण्याची खिचडी आणली. "आईनं मुद्दाम दिलीया, खा." पाठोपाठ रताळ्याचा कीस आला, राजगिऱ्याचे लाडू आले. एक पेढा चुकवायला गेले आणि साखरेचं गोदाम गळ्यात पडलं! नाही म्हणायची सोय नव्हती. खायचं, अंदाजाने जास्तीचं इन्सुलिन घ्यायचं आणि वर ढोल बडवायचा. एका संध्याकाळी व्हायचं तेच झालं. साखर एकदम उतरली, ढोल वाजवायचा टोल हातातून निसटून खाली पडला.

पिशवीतलं ग्लुकोज खाऊन मी सावरले, तर शेजारी दादा बसलेले. "काय गं, तुझ्या उपवासाला वार नाही का?"

मला रडूच कोसळलं. सगळं सांगून टाकलं आणि "अरेरे" ऐकायची तयारी करून मान खाली घातली. दादा म्हणाले, "ढोलाचं पान फाटलं तर आधी मला सांगतेस ना? मग हे का नाही सांगितलंस?" जरा थांबून त्यांनी विचारलं, "वाजवायचंय?" मी मान डोलावली. "मग उद्या डॉक्टरांना विचारून ये. आणि तो उपवास सोड."

डॉक्टरांनी खाण्याचं आणि इन्सुलिनचं गणित नीट बसवून दिलं, खुशाल वाजव म्हणाले. सरावाला परतले तर दादांच्या पायाशी मंडईतून आणलेली लिमलेटच्या गोळ्यांची ही मोठी पिशवी. नवा नियम निघाला होता: प्रत्येकाच्या खिशात गोळ्या हव्यातच. "मिरवणुकीत उन्हाने, भुकेने कुणाचाही ठोका चुकतो. शेजाऱ्याचा चुकला की आधी गोळी, मग शिवी. उलट केलंत तर गोळी कुणी घेत नाही." पोरं हसली. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

विसर्जनाच्या दिवशी ऐन रंगात माझा ठोका घसरला. माझ्या ध्यानात येण्याआधी बापूने मूठभर गोळ्या पुढे केल्या. "आ कर तायडे. नियम हाय." त्याला बिचाऱ्याला काहीच ठाऊक नव्हतं. मी गोळ्या कडाकडा चावल्या, बाजूला बसून साखर तपासली आणि ती जागेवर आल्यावर पुन्हा ढोल कंबरेला बांधला. वादन संपताच दादा तरातरा माझ्याकडे आले. आता तब्येतीची चौकशी होणार, असं वाटलं. ते म्हणाले, "परत आल्यावर नुसती पळत होतीस. बस चुकत होती का?" मला आजवर कुणी असं सगळ्यांसारखं रागावलंच नव्हतं. मी घरापर्यंत हसत गेले.

पुढच्या वर्षी मीच पथकाला सगळं सांगून टाकलं. आता लपवावंसं वाटत नव्हतं. बापूचे डोळे विस्फारले. "म्हंजी, ती खिचडी..."

"हो, तीच."

तेव्हापासून तो माझ्यासाठी भाजलेले शेंगदाणे आणतो आणि निम्मे स्वतःच खातो.

गुडघ्यांनी दगा दिल्यावर दादा पथक सोडून कोल्हापूरला मुलीकडे राहायला गेले. मला त्यांची फार आठवण येते. इतक्या मायेने पाणउतारा करणारं माणूस पुन्हा भेटलं नाही. नव्या मुलांना आता मी शिकवते. नातेवाइकांचा फोन आला की पहिला प्रश्न, "साखर किती?" दादांनी तो कधीच विचारला नाही. विसर्जनाच्या सकाळी त्यांचा फोन येतो तो एवढंच विचारायला, "सगळ्यांच्या खिशात गोळ्या आहेत ना?"

यंदा त्यांचा फोन आला तेव्हा माझ्या मागे पोरांनी ढोलांवर ठेका धरला होता. दादा नुसते ते वादन ऐकत राहिले.

"कुणी शिकवलं यांना?"

"मी."

"चालेल," दादा म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.