भांगात अडकलेलं आरमार

हरेश्वर गेले हे मला कळलं ते भाजी घेताना. मानपाड्याच्या कारखान्यातला एक जुना सहकारी भेटला आणि म्हणाला, "अगं, आपला अ‍ॅडमिरल गेला..." हातातली मेथी मी तशीच खाली ठेवली. कारखान्यात हरेश्वर स्टोअरला होते, मी ऑफिसात मराठी टायपिस्ट. ते कळव्याचे कोळी, मी घाटावरची, लग्न होऊन डोंबिवलीत आलेली. आमची मैत्री कशी जमली? त्यांना प्रश्न पडायचे आणि मला ते ऐकायला आवडायचे, एवढंच.

त्यांचा लाडका प्रश्न एकच होता. महायुद्ध संपल्याबरोबर इंग्रज आणि अमेरिकन हे दोस्तच एकमेकांवर उलटले असते तर? त्यांचे वडील युद्धाच्या काळात मुंबई बंदरात होडी चालवायचे, दोन्हीकडच्या खलाशांना जहाजावर सोडायचे. दोघांनीही त्यांना बिस्किटं दिली होती. "मंग बाबा कोनाच्या बाजूनी लढला असता, ताई?" जेवणाच्या सुट्टीत डबा उघडायच्या आधी हरेश्वर विचारायचे, आणि मी म्हणायचे, "आधी जेवा, मग लढा." पण घरी गेल्यावर मीही विचार करत बसायचे. दोस्त भांडले असते ते कशावरून? तेलावरून? बंदरावरून? की नुसत्या मानपानावरून?

ऐंशीच्या दशकात कारखान्याचा सायक्लोस्टाइल दिवाळी अंक काढायचं ठरलं आणि हरेश्वरांनी ती लढाई लिहून माझ्या टेबलावर ठेवली. वीस पानं, पेन्सिलीने. अमेरिकन आरमार इंग्रजांचा पाठलाग करत ठाण्याच्या खाडीत शिरतं आणि अडकतं. मग तोफा सुटतात, एकेक जहाज जळतं, शेकडो खलाशी बुडतात. अडकतं तिथे त्यांनी लिहिलं होतं, 'अष्टमी असल्याने आरमार भांगात अडकले.' आता माझं शुद्धलेखन म्हणजे... साहेबसुद्धा ऱ्हस्व-दीर्घ मला विचारायचे. मी मनात म्हटलं, भांगात कुंकू भरतात, हे 'भांगेत' हवं. काना काढला, मात्रा दिली. अष्टमीला कोण भांग पितं, एवढा साधा प्रश्न काही मला पडला नाही.

अंक आला तेव्हा कँटीनमध्ये कुणीतरी ते वाक्य मोठ्याने वाचलं आणि हशा पिकला. "अख्खं आरमार भांगेत? अरे, लिहिताना कितनी चढायी थी रे?" त्या दिवसापासून त्यांचं नाव भांगवाला अ‍ॅडमिरल. मीही हसले. हरेश्वरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि सगळ्यांना म्हणाले, "आसूं द्या. लिवताना चुकलो." पुन्हा अंकाला त्यांनी कधी काही दिलं नाही.

नव्वदच्या दशकात माझी मुलगी एकदा भूगोल पाठ करत होती. "उधाणाची भरती, भांगाची भरती..." पोळी लाटता लाटता मी थांबले. "काय म्हणालीस?"

"अगं, अष्टमीला भरतीचं पाणी कमी चढतं ना, त्याला भांग म्हणतात. तुला एवढं पण माहीत नाय?"

नव्हतं. खाडीकाठच्या पोरासोरांना ठाऊक असलेला शब्द मी दीडशहाणी सुधारून बसले होते. हरेश्वर तोवर निवृत्त झाले होते. कळव्याला जाऊन माफी मागायची असं मी पक्कं ठरवलं, म्हणजे दर रविवारी ठरवलं. लाज वाटायची हो... डोंबिवलीहून कळवा असं कितीसं लांब! पण गेले नाही ते नाहीच.

गेले ती परवा, दिवसकार्य उरकल्यावर. त्यांच्या बायकोला, वहिनींना, सगळं सांगून टाकलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि आतून एक वही आणली. "तुमचंच काय तरी हाय यात, असं हे बोलायचे. मला वाचाया येत नाय."

वहीत तीच लढाई होती, पहिल्यापासून नव्याने लिहिलेली. यात जहाजावरचा आचारी कळव्याचा आहे. तो दोन्ही आरमारांच्या सरबतात भांग घोटतो. एकही तोफ सुटत नाही. दोघे अ‍ॅडमिरल गळ्यात गळे घालून एका होडीत गात बसतात आणि होडी वल्हवतात हरेश्वरांचे बाबा. खाली लिहिलं होतं, 'माझ्या भांगात सगळे मेले होते. ताईंनी भांगेत केलं, म्हणून वाचले.'

मी ते वहिनींना मोठ्याने वाचून दाखवलं. त्या खुदकन हसल्या आणि म्हणाल्या, "परत वाचा." दुसऱ्यांदा मला ते पुरं वाचता आलं नाही.