सिनेमातला दरोडेखोर

"खोटं! साफ खोटं!" म्हणत मांडीवर थाप मारायची तिची सवय होती. तुमच्याही शेजारी असं कुणी असेल, तर सिनेमा धड बघणं किती कठीण असतं ते तुम्हाला ठाऊक असेल.

डहाणूच्या किनाऱ्यावरची आमची ही शेजारीण सुकी मासळी विकायची. सगळे तिला मावशी म्हणत. तरुणपणी तिने एक दरोडेखोर पकडून दिला होता. त्या दरोड्यावर पुढे सिनेमा निघाला, गाजला, अजूनही टीव्हीवर लागतो. लागला की मावशी आमच्या घरी हजर.

सिनेमात वाळूवर धडाधड गोळ्या सुटतात.

"कसल्या गोळ्या? माझ्या वाळत घातलेल्या बोंबलांमागे दडला होता. मला वाटलं बोंबीलचोर. धरली कॉलर! तर म्हणतो, उपाशी आहे, आधी जेवायला घाल."

"घातलंस?"

"मग? भात-कालवण वाढलं. पोलीस आले, तेही जेवले."

शेवटी दरोडेखोर गोळी लागून मरतो. तिथे मात्र मांडीवर थाप पडायची नाही. त्याला खरंच मारलं असेल, ही भीती तिच्या मनात घर करून होती. एकदा म्हणाली, "माझ्या हातचं जेवला, नि मीच दिला धरून."

पुढे एकदा वापीला लग्नाला जाताना आमची जीप अच्छाडला एका ढाब्यावर चहाला थांबली. गल्ल्यावरचा म्हातारा मावशीकडे टक लावून बघत उठला.

"मासी, तुम्ही डहाणूच्या ना? बोंबीलवाल्या?"

मावशीने त्याला ओळखलं आणि आधी त्याचा दंड चाचपून पाहिला. "जिवंत आहेस रे!"

"शिक्षा भोगून सुटलो, इथे ढाबा टाकला."

"सिनेमात तर मेलास!"

"बघितला ना मी. मरायचा सीन एकदम झकास!"

मावशी ठसका लागेपर्यंत हसली. त्याने जेवल्याशिवाय सोडलं नाही. लग्न लागून गेल्यावर आम्ही पोचलो.

त्यानंतर सिनेमातला दरोडेखोर मरायला लागला, की मावशी टीव्हीकडे बघून ओरडायची, "ऊठ रे बाबा, गिऱ्हाईक आलंय!"

मावशी गेल्या वर्षी गेली. तेराव्याला तो अच्छाडहून आला. ओसरीवर बसून म्हणाला, "एक गोष्ट मासीने तुम्हाला सांगितली नसेल. साहेब बेड्या घालायला लागले, तर ही ओरडली, थांबा, त्याला हात तरी धुऊ द्या! मग साहेबांनीच तांब्या घेतला नि माझ्या हातावर पाणी ओतलं."

त्या दुःखाच्या घरात आम्ही सगळे खदखदून हसलो. तिची मुलगी सगळ्यांत मोठ्याने, पदराने डोळे पुसत.