शपथवाल्यांचे पाच आकडे

कोर्टात त्यांचं खरं नाव फक्त पगारपत्रकावर होतं. न्यायाधीशांपासून चहावाल्यापर्यंत सगळे त्यांना शपथवाले म्हणत. एकतीस वर्षं त्यांचं काम एकच. साक्षीदार पिंजऱ्यात चढला की त्याला उजवा हात वर करायला लावायचा आणि ‘देवाला स्मरून खरं तेच सांगेन, खोटं सांगणार नाही’ हे वाक्य त्याच्याकडून म्हणवून घ्यायचं. एवढ्यासाठी सरकार पगार देतं, असं त्यांचे मेहुणे हसून म्हणत.

पण खरी मेख वाक्यानंतर होती. वाक्य संपलं तरी शपथवाले हात लगेच खाली घेऊ देत नसत. मनातल्या मनात पाचापर्यंत मोजत आणि साक्षीदाराच्या बोटांकडे बघत. हे कुठल्या नियमात नव्हतं, त्यांनीच ठरवलेलं. या पाच आकड्यांत भल्याभल्यांची बोबडी वळली होती. एकदा भावाची जागा गिळायला निघालेला एक तेलाचा व्यापारी चौथ्या आकड्याला हात खाली घेऊन म्हणाला, साहेब, मला हे जमायचं नाही. आणि खाली बसून रडला. ही गोष्ट शपथवाले दर वर्षी नव्या वकिलांना ऐकवत, आणि दर वर्षी तो व्यापारी आणखी थोडा जास्त रडे.

गेल्या दहा-बारा वर्षांत मात्र कुणी रडेना. हात वर जायचा, फोन नंबर सांगावा तसं वाक्य सांगून व्हायचं, बोटं जागच्या जागी. मग धडधडीत खोटं. तरुण वकील म्हणत, काका, आवरा, देव काही आज यायचा नाही. संध्याकाळी जेवताना शपथवाले मुलाला आणि सुनेला सगळं ऐकवत. लोकांना भय म्हणून राहिलं नाही, जनाची नाही तर मनाची तरी असावी! बायको गेल्यापासून, म्हणजे नऊ वर्षांत, त्यांनी स्वतः एकदाही हात जोडले नव्हते. दुसऱ्यांची कुसळं शोधण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला आपलं मुसळ कुठून दिसणार?

मुलगा एका बेकरीची गाडी चालवायचा आणि ती घरीच आणून लावायचा. धुक्याच्या एका सकाळी साडेसहाला तो परत आला आणि थेट मागच्या नळावर गाडीचं तोंड घासू लागला. शपथवाल्यांनी ते खिडकीतून पाहिलं; नळाखालून लालसर पाणी वाहत होतं. दुपारी कळलं की रात्रपाळी संपवून घरी निघालेल्या एका नर्सला सहाच्या सुमारास चौकात पांढऱ्या गाडीनं उडवलं आणि ती जागीच गेली. तिची आई कपडे शिवून द्यायची. घरात दोघीच होत्या, आता एक उरली.

खटला मुलावर उभा राहिला, पण गाडी चालवणाऱ्याचा चेहरा कुणी पाहिलेला नव्हता, आणि बेकरीच्या तशा तीन गाड्या होत्या. मुलाचं म्हणणं, मी सातपर्यंत घरी झोपलो होतो. सून तेव्हा माहेरी. हे खरं की खोटं ते सांगू शकणारा माणूस एकच होता, बाप.

शपथवाल्यांनी मुलाला परोपरीनं समजावलं की कबूल कर, शिक्षा कमी होईल. मुलगा सुनेच्या सातव्या महिन्याकडे बोट दाखवायचा आणि मी घरी होतो एवढंच कोर्टात सांगा म्हणायचा. बापाचं काळीज तीळतीळ तुटायचं, पण नळाखालचं ते लालसर पाणीही डोळ्यांपुढून हलत नव्हतं.

“शपथेवर माझा हात थरथरेल,” ते शेवटी म्हणाले. “सगळं कोर्ट बघेल.”

“आता कुणाचा थरथरतो, बाबा? तुम्हीच तर रोज सांगता.”

त्या रागात त्यांनी ठरवलं, निवाडा हातावरच सोडायचा. तोंड खोटं बोलायला निघालं तर हात ते होऊ देणार नाही. या भरवशावर त्यांनी साक्षीला होकार दिला आणि बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले.

खटला शेजारच्या दालनात चालला. तिथल्या कारकून मुलीनं वाक्य भराभर म्हणवून घेतलं आणि हात खाली घ्या म्हणाली. शपथवाल्यांनी घेतला नाही. त्यांनी स्वतःच्या बोटांकडे बघत मोजायला सुरुवात केली. एक. दोन. ते वाट बघत होते, अगदी मनापासून. पाच झाले. बोटं खांब रोवल्यासारखी स्थिर होती. आत कुणी बघत नव्हतं, वर कुणी बघत नव्हतं. कोर्टात फक्त पंखा फिरत होता. त्यांनी हात खाली घेतला आणि सांगितलं, मुलगा सातपर्यंत घरी झोपला होता. सरकारी वकिलानं फारसं खोदलंच नाही. शपथवाल्यांवर अविश्वास कोण दाखवणार? मुलगा सुटला.

निकालाच्या दिवशी नर्सची आई बाहेरच्या बाकावर बसली होती. शपथवाले मान खाली घालून पुढे निघाले, तर ती उठून आडवी आली. तिच्या बोटांवर सुईचे बारीक टोचे होते.

“तुम्ही देवाला स्मरून सांगितलंत, म्हणजे तो नव्हताच,” ती म्हणाली. “सात महिने मी तुमच्या मुलाला रोज शाप दिलाय. त्याच्या घरात मूल येतंय, आणि मी काय काय मागितलं हो देवाकडे. मला माफ करा.”

खरं सांगायची वेळ अजूनही गेलेली नव्हती, हे शपथवाल्यांना कळत होतं.

“तुमची काही चूक नाही,” ते म्हणाले, आणि जिना उतरले.

सोमवारी ते कामावर गेले. आता वाक्य संपताक्षणी ते हात खाली घ्यायला सांगतात. वकील खूश आहेत, कामं झपाट्यानं उरकतात. परवा एक म्हातारा स्वयंपाकी मालकाच्या बाजूनं साक्ष द्यायला आला होता. शपथ घेताना त्याची बोटं कापायला लागली. हात तसाच वर धरून तो शपथवाल्यांकडे बघत राहिला, त्याला काहीतरी बोलायचं होतं.

“हात खाली घ्या,” शपथवाले म्हणाले. “साहेबांना उशीर होतोय.”