हाताला कळेल असा पावागड

हरणी भागातल्या सोसायटीत कौमुदीताई शिर्क्यांच्या हट्टापुढे कुणाचं चालत नाही. एकदा डोक्यात घेतलं की घेतलं! यंदा त्यांनी अख्खा पावागडच डोक्यात घेतला होता.

कारणही तसंच होतं. त्यांचे यजमान गजेंद्रराव रिफायनरीत होते तेव्हापासून दर हिवाळ्यात मित्रांबरोबर पायी पावागड चढायचे. दीड वर्षापूर्वी काचबिंदूने त्यांची नजर गेली, मग माणूस खुर्ची सोडेना. "चला" म्हटलं की एकच उत्तर, "काय बघायला येऊ?" ऐकून ताईंचा जीव तुटायचा, आणि लगेच रागही यायचा. डोळे गेले, पाय नाही ना गेले!

म्हणून त्यांनी डोंगरच घरी आणायचं ठरवलं. दुकानदाराने हलका म्हणून थर्मोकोल पुढे केला, "बेन, आ लई जाओ, हलकुं छे." सुरी लावताच तो असा किरकिरला की आतून गजेंद्ररावांनी ओरडून विचारलं, काय चाललंय काय? थर्मोकोल बाद. प्लास्टरचा डोंगर गार आणि गुळगुळीत निघाला, न्हाणीघराच्या फरशीसारखा. तोही बाद. मग ताईंना दिवाळीतले किल्ले आठवले. त्यांनी विटा रचल्या, चिखलात बुडवलेलं गोणपाट वर पसरलं आणि वाळल्यावर दोन दिवस खपून रंग दिला. खाली हिरवा, कड्यांना तपकिरी. शेजारणी बघून गेल्या, सगळ्यांनी वा वा केलं.

गजेंद्ररावांनी हात फिरवला. "माती आहे," ते म्हणाले. "सगळीकडे माती."

ताई मटकन खाली बसल्या. अगं बाई! ज्याला दिसत नाही त्याच्यासाठी दोन दिवस रंग लावत बसले मी! हसूही आलं आणि रडूही.

पण सोडतील तर त्या कौमुदीताई कसल्या? दुसऱ्या दिवशी डोळ्यांना ओढणी बांधून त्या घरभर वस्तू चाचपत फिरल्या. भांडी घासायचा काथ्या झाडीसाठी पसंत पडला. कड्यांना पॉलिश पेपर, वाटेला बारीक वाळू, पायऱ्यांना आइस्क्रीमच्या काड्या. स्पंज मात्र फार मऊ, तो परत मोरीत गेला. बोटांना पटेल तेच डोंगरावर चढलं.

गजेंद्ररावांची बोटं या वेळी वाळूवरून सावकाश निघाली. काथ्यापाशी थबकली. "ही झाडी," ते पुटपुटले. मग थोडं वर गेल्यावर एकदम कडाडले, "हे वळण साफ चुकलंय! वाट आत जाते, कड्याला धरून."

"मला काय ठाऊक? मी कायम रोपवेने गेले. एवढं कळतंय तर करा की तुम्हीच!"

"आण माती," म्हणत ते खुर्चीतून उठले आणि खाली बसले. संध्याकाळपर्यंत वळण मोडून पुन्हा लिंपलं. हात कोपरापर्यंत चिखलाने भरले. चहा दोनदा गार झाला, ताईंनी दोनदा गरम करून आणला.

अखेर त्यांनी बायकोचा हात धरून काड्यांच्या पायऱ्यांवर ठेवला.

"इथे मला धाप लागते," ते म्हणाले. "थांबशील ना?"

ताईंचा आवाज तोच ठणठणीत. "थांबेन की. आधी तुमचे ते डोंगर चढायचे बूट कुठे ठेवलेत, सांगा."