भोनगीरच्या बसमधली रिकामी जागा

हैदराबादेतल्या पोलीस अ‍ॅक्शननंतरचा तो दुसरा हिवाळा. मी चोवीस वर्षांचा होतो आणि जामबागेतल्या एका मराठी शाळेत नुकताच मास्तर झालो होतो. आम्ही शिक्षकांनी एका रविवारी भोनगीरच्या डोंगरावर ट्रिप काढायचं ठरवलं. बस भाड्याने घेतली, प्रत्येकाने घरची माणसं आणायची, आणि नावांची यादी करायचं काम माझ्याकडे आलं. ती यादी मी केली नसती तर आज हे लिहायची वेळ आली नसती.

भोनगीरचा डोंगर म्हणजे एकच एक अखंड खडक. कासवाच्या पाठीसारखा उघडा, वर किल्ला. हैदराबादेहून सकाळी निघून दिवे लागायच्या आत परतता येतं. वडिलांच्या दृष्टीने मात्र तो नुसता पाहायचा डोंगर नव्हता. निजामाच्या काळात तिथल्या तहसील कचेरीत ते नऊ वर्षं अहलकार, म्हणजे कारकून होते. त्यांच्या समोरच्या खुर्चीवर त्यांच्याच वयाचे एक मुसलमान अहलकार बसत. तेव्हा सुट्टी शुक्रवारची असे. जुम्म्याची नमाज आटोपली की ते वडिलांना हाक मारत आणि दोघे डोंगर चढत. पुढे दोघांच्याही बदल्या शहरात झाल्या. आम्ही गौलीगुड्यात राहू लागलो आणि ते मलकपेठेत. मी त्यांना चाचा म्हणत असे. उर्दूचं अलिफ-बे मला त्यांनीच शिकवलं.

त्या हिवाळ्यात चाचा कराचीला जायच्या तयारीत होते. मुलगी तिकडे दिली होती. बायको आधीच वारलेली, नोकरीही सुटलेली, मागे राहायला कारण उरलं नव्हतं. ट्रिपचं ऐकलं तेव्हा वडिलांचा चेहरा उजळला.

"दोन नव्हे, तीन जागा ठेव," ते म्हणाले. "जाण्याआधी एकदा दोघं वर जाऊन येतो. आता या वयात पुन्हा कुठली भेट?"

मी "हो" म्हणालो आणि यादीत दोनच नावं लिहिली.

मला तसं करायला कोणीही सांगितलं नव्हतं, हे मी आधीच लिहून टाकतो. ते दिवस तसे होते खरे. कालपर्यंत जे शेरवानी घालून कचेरीत जात तेच आता पांढरी गांधी टोपी घालून हिंडत होते, आणि जो तो दुसऱ्याच्या डोक्यावर काय आहे ते पाहत होता. आमच्या शाळेत खालच्या वर्गांना शिकवणाऱ्या एक बाई होत्या. त्यांच्या भावाला रझाकारांनी गावात मारलं होतं. त्याच बसमध्ये चाचांना बसवलं तर बाईंना काय वाटेल, असं मी स्वतःला सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. बाकीचे मास्तर माझ्याकडे कसे पाहतील, याची मला भीती वाटत होती. मी नवा होतो. मला त्यांच्यातला व्हायचं होतं.

शनिवारी संध्याकाळी मी वडिलांना सांगितलं, "अण्णा, बस भरली. चाचांना जागा उरली नाही."

वडिलांनी चपला घातल्या. मग स्वतःच मलकपेठेला जाऊन तसं सांगून आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गौलीगुड्याच्या बस अड्ड्यावर धुकं होतं. लोक मफलर गुंडाळून उभे होते. आम्ही बसमध्ये चढणार तेवढ्यात चाचा समोरून येताना दिसले. काळी शेरवानी, हातात जामांची टोपली. पेरूला आमच्या हैदराबादेत जाम म्हणतात. त्यांच्या अंगणात जामाचं झाड होतं, आणि आमच्या घरी येताना ते नेहमी जामच आणत. आमच्याकडचा सोवळ्याचा व्यवहार त्यांना ठाऊक होता. झाडावरच्या फळाला कोणाची हरकत नसते.

"क्यों पंडत, सूटर पहने की नइं? उप्पर हवा मारती," ते वडिलांना म्हणाले.

"पहना मियाँ, पहना. दो-दो पहना."

"दो पहने तो चढिंगे कैसा?"

दोघे हसले. मग चाचांनी खिशातून हिरव्या रेशमाच्या दोन पट्ट्या काढल्या. हैदराबादेत कोणी प्रवासाला निघाला की घरातलं वडीलधारं माणूस त्याच्या दंडावर इमाम जामीन बांधतं. पट्टीत एक नाणं शिवलेलं असतं. सुखरूप पोहोचल्यावर ते सोडून एखाद्या गरजवंताला द्यायचं. हा रिवाज त्यांच्या लोकांचा, पण वडील नि चाचा तो तरुणपणापासून एकमेकांसाठी पाळत आले होते. माझ्या मॅट्रिकच्या परीक्षेलाही चाचांनी मला तो बांधला होता.

त्यांनी वडिलांच्या दंडावर पट्टी बांधली. मग माझ्याकडे वळले. "लाओ बाबा, हाथ."

बसच्या खिडक्यांतून सगळे पाहत होते. मी हात पुढे केला, पण मान दुसरीकडे वळवली.

वडील बसमध्ये चढले आणि दारातच थबकले. मागच्या बाजूला तीन जागा रिकाम्या होत्या, आणि चढायचे आम्ही दोघेच उरलो होतो. खाली उभ्या असलेल्या चाचांनाही त्या काचेतून दिसल्या असणार, कारण त्यांची नजर तिथे गेली आणि परत आली. मी पायरीवर होतो. "चाचा, या ना, जागा झाली" एवढंच म्हणायचं होतं. ड्रायव्हरने भोंगा वाजवला. मी वरच्या पायरीवर सरकलो.

चाचाच म्हणाले, "अच्छा हुआ पंडत, पाँव पसारने को जगा मिली." मग त्यांनी टोपली माझ्या हातात दिली.

बस हलली. मी खिडकीतून मागे पाहिलं आणि तेव्हा माझं लक्ष त्यांच्या पायांकडे गेलं. जन्मभर मी त्यांना काळ्या पंप शूजमध्ये पाहिलं होतं. त्या सकाळी त्यांनी कापडी बूट घातले होते. नवे, पांढरे, खडकावर घसरू नयेत असे. ऐनवेळी कोणी आलं नाही तर आपल्याला जागा मिळेल, या आशेने ते आले होते.

वडिलांनी शेजारच्या रिकाम्या जागेवर टोपली ठेवली आणि वाटभर एक हात तिच्यावर ठेवून बसले. उप्पल मागे पडल्यावर मी वडिलांकडे पाठ करून दंडावरची पट्टी सोडली आणि खिशात कोंबली.

घटकेसर गेल्यावर पुढच्या बाकावरच्या त्या बाई मागे वळल्या. "मघाशी आले होते ते कोण हो?"

"माझा दोस्त," वडील म्हणाले. "भोनगीरच्या कचेरीत नऊ वर्षं समोरासमोर काढली आम्ही."

"मग आले का नाहीत?"

"जागा नव्हती म्हणे."

बाईंनी टोपलीकडे पाहिलं. "टोपलीला बरी मिळाली!" त्या हसल्या, आणि मग माझा चेहरा पाहून त्यांचं हसू थांबलं.

डोंगर दिसला तसा बसमध्ये गलका झाला. उन्हात तो खडक तांबूस दिसत होता. खाली चहा घेऊन सगळे चढू लागले. सुरुवातीला खोदलेल्या पायऱ्या आहेत, मग दरवाजे लागतात, आणि त्यापुढे उघड्या खडकाचा निसरडा उतार. तिथे एकाने वर जाऊन दुसऱ्याला हात द्यावा लागतो. वडील टोपली घेऊन तिथवर सावकाश आले. एका कोरलेल्या खाचेपाशी थांबून त्यांनी तिच्यात पाय ठेवून पाहिला, आणि मग खडकावर बसले.

मी वर चढून खाली हात केला. "या अण्णा, मी ओढतो."

"तू जा," ते म्हणाले. "मला तुझ्या हाताची सवय नाही."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

वर जाऊन मी काय पाहिलं ते आठवत नाही. तळी होती, पडक्या भिंती होत्या, वारा होता. बाकीचे दूरवरची गावं ओळखायचा प्रयत्न करत होते. बाई माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या.

"मास्तर, यादी तुम्हीच केली ना?"

"हो."

"माझ्यामुळे नाही ना?"

मी नाही म्हणालो, पण उशिरा.

"त्यांच्या शेजारी बसणं मला जड गेलं असतं," त्या म्हणाल्या. "खोटं कशाला बोलू? पण ते माझं मी पाहिलं असतं. माझ्या भावाच्या नावावर असलं काही करू नका."

मी खाली आलो तेव्हा वडील त्याच जागी बसले होते. टोपलीतला एकही जाम त्यांनी खाल्ला नव्हता. उतरल्यावर डोंगराच्या पायथ्याशी एक म्हातारा फकीर बसलेला दिसला. वडिलांनी त्याच्यासमोर दंडावरची पट्टी सोडली, नाणं त्याच्या हातात ठेवलं आणि मला म्हणाले, "तुझं दे."

"वाटेत सुटून पडलं वाटतं," मी म्हणालो.

"बरं."

एवढंच. त्या दिवसाबद्दल आमच्यात पुन्हा कधी बोलणं झालं नाही. मलकपेठेला जाऊन चाचांची माफी मागायची, असं मी दर रविवारी ठरवत होतो. महिनाभराने एका दुपारी शाळेतून घरी आलो तेव्हा आई म्हणाली, "ते नामपल्ली स्टेशनवर गेलेत, चाचांना पोहोचवायला." वडिलांनी मला गाडीची वेळ सांगितली नव्हती.

कराचीहून वर्षा-दोन वर्षांनी पत्र येई. सुरेख उर्दू अक्षर. शेवटची ओळ नेहमी तीच असे, साहबजादे को दुआ, म्हणजे चिरंजीवांना आशीर्वाद. वडील पत्र वाचून झालं की माझ्यासमोर ठेवत आणि बाहेर जात.

वडील गेले तेव्हा कळवायचं काम माझ्याकडेच आलं. मी मुद्दाम उर्दूत लिहिलं. इतक्या वर्षांत हाताची सवय मोडली होती, चार वेळा कागद फाडला. वडिलांची बातमी लिहिली आणि खाली त्या यादीबद्दल, जागेबद्दल, त्यांच्या कापडी बुटांबद्दल सगळं लिहिलं. पत्राला उत्तर आलं नाही. ते पोहोचलं की नाही, पोहोचलं तेव्हा वाचायला चाचा होते की नव्हते, मला माहीत नाही.

हिरवी पट्टी अजून माझ्याकडे आहे. गेल्या हिवाळ्यात, पन्नाशीला आल्यावर, मी एकटाच भोनगीरच्या बसमध्ये बसलो. आता साधी एस.टी. जाते. पायथ्याशी फकीर होता, अर्थात दुसराच. मी टाके उसवून नाणं काढलं. चारमिनारची छाप असलेली जुनी हाली चवन्नी, निजामाच्या राज्यातलं नाणं. ती त्याच्या हातात ठेवली.

त्याने ती डोळ्यांजवळ नेली, उलटून पाहिली, आणि हसून परत केली. "ये तो कबका बंद हो गया साब. अब नइं चलता."

मी त्याला दुसरे पैसे दिले. चवन्नी पुन्हा पट्टीत गुंडाळली. मग चढायला लागलो, आणि त्या निसरड्या उतारापाशी आलो. खाच अजून तशीच आहे. वरून हात द्यायला कोणी नव्हतं. वडील बसले होते तिथे बराच वेळ बसलो आणि परत फिरलो.