पोलादी कडीचं कुलूप

समईची वात शेवटाला जळू लागली की कापूस करपल्याचा वास सुटतो, आणि मला नाचणगावची आमची कापसाची कोठी दिसते. माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. चोरांनी कोठीचं कुलूप कापलं, म्हणून माझा धाकटा दीर पुलगावहून पोलादी कडीचं नवं कुलूप निवडून घेऊन आला. अंगणात बसून त्यानं त्यावर आरी घासली आणि हसला, "पाहा वैनी, आरीचे दात गेले, पन कडी कटली नाई!" तेव्हापासून दुपारी नि रात्री जेवण झालं की तो कोठीत कापसावर निजायचा आणि मामंजी बाहेरून कुलूप लावायचे, आत कोणी नाही असं समजून चोर यावा नि सापडावा. एका दुपारी मामंजी किल्ली घेऊन शेतावर गेले होते. दाराच्या फटीतून धूर आला. त्याची बिडी पडली असावी. आतून तो ओरडत होता, "वैनी, दार खोला ना!" लोकांनी कुऱ्हाडी घातल्या, पण पत्रा ठोकलेलं दार फुटेना; लोहारानं आरी चालवली, तिचेही दात गेले. मामंजी धावत आले तोवर आतला आवाज थांबला होता. किल्ली लावताच कुलूप अलगद उघडलं. आता मी एकटीच राहते, पण दाराला कडीसुद्धा लावत नाही.