अर्धं तुला, अर्धं मला

गेल्या महिन्यात पुतण्याचा फोन आला, "आत्या, आई गेली..." आणि मी विचारलं काय, तर "जेवली होती ना?" नव्वदीला टेकलेल्या बाईचा हा पहिला प्रश्न! पण त्याच्या आईला, माझ्या इंदूवहिनीला, तो नक्की पटला असता.

पन्नासच्या दशकात आमच्या पापडी गावच्या वाडीत मी मोठी विदुषी होते. घरातली पहिली कॉलेजकन्या, मुंबईच्या वसतिगृहात राहणारी, वेण्या पुढे टाकून चालणारी. इंटरच्या परीक्षेआधी अभ्यासाला घरी आले तेव्हा आईने सुकेळ्यांसाठी राजेळी केळी सोलून चटईवर उन्हात वाळत घातली होती. पुस्तक घेऊन बसायचं आणि कावळे हाकायचे, एवढंच माझं काम. कावळ्यांना मी एकही मिळू दिलं नाही. रसायनशास्त्राचं पान उघडलं की एक, उलटलं की दोन. गोडी कळेनाशी झाली तरी हात थांबेना. रडू यायचं, आणि रडता रडता पुढचं तोंडात. 'उद्यापासून नाही' ही शपथ रोज. विदुषीच ती!

चौथ्या दिवशी आईने रिकामी चटई पाहिली. इंदूवहिनी, मोठ्या भावाची बायको, माझ्याहून तीनच वर्षांनी मोठी, पटकन म्हणाली, "कावळे माजलेत, आई." मग मला विहिरीपाशी ओढत नेलं.

"भूक लागते का गं एवढी?"

"नाही..."

"मग?"

"सहामाहीत नापास झालेय. बाबांना माहीत नाही. आता परत झाले तर कॉलेज बंद."

"मग आजच सांग त्यांना. मी दाराशी उभी राहते."

बाबा खूप रागावले, पण परीक्षेला बसू दिलं. त्यानंतर राखण वहिनीची, आणि मी तिच्या शेजारी मोठ्याने वाचायचं. तिचा नियम एकच: "खा, पण माझ्यासमोर." एक सुकेळं मोडून अर्धं मला द्यायची, अर्धं स्वतः खायची. मी काठावर पास झाले आणि पुढे जन्मभर रुबाबात रसायनशास्त्र शिकवलं. भीती काही सुटली नाही. हात खाऊच्या डब्याकडे वळू लागला की मी सरळ पापडीला वहिनीचं घर गाठायची.

दिवसकार्य झाल्यावर पुतण्याच्या बायकोने वहिनीचा पत्र्याचा डबा माझ्यापुढे ठेवला. "तुमच्यासाठीच भरून ठेवला होता त्यांनी." ती अंगणात गेली. मी एक सुकेळं मोडलं, दोन्ही तुकडे मीच खाल्ले. मग दुसरं. तिसऱ्याला हात घातला आणि समोरच्या रिकाम्या पाटाकडे नजर गेली...

"नाही गं वहिनी, भूक नाहीये," मी मोठ्याने म्हटलं. आणि अंगणात हाक मारली, "सूनबाई, ये, बस अशी समोर. हे घे, अर्धं तुला."